कोरियन पॉपची कोलॅब गाणी: आधी ‘एपीटी’ की ‘सेव्हन’?

कोरियन कलाकारांनी परदेशी कलाकारांबरोबर केलेलं ‘कोलॅब’ गाणं लावण्याआधी कलाकारांची नावं कशी जोडली आहेत ते बघा. अर्धा निर्णय तिथेच होतो. ‘सेव्हन’ बीटीएस या कोरियन बँडमधल्या जंगकुकचं आहे आणि अमेरिकी रॅपर लॅटो ‘फीचरिंग’मध्ये, म्हणजे पाहुणी म्हणून, आहे. ‘एपीटी’वर ब्लॅकपिंक या कोरियन बँडची रोझे आणि अमेरिकी गायक ब्रुनो मार्स ही नावं बरोबरीने येतात, तर ‘माय युनिव्हर्स’ला ब्रिटिश बँड कोल्डप्ले आणि बीटीएसच्या मध्ये फुली (×) आहे. ‘फीचरिंग’ लिहिलेलं असलं की पाहुणा बहुतेक वेळा दुसऱ्या कोरसनंतर येतो, रॅपचं एक कडवं म्हणतो आणि निघून जातो. नावं बरोबरीने असली तर पाहुण्याच्या आवाजाचा हिशेब गाणं बांधतानाच केलेला असण्याची शक्यता जास्त. अपवाद आहेत, त्यातला एक पुढे येईलच. पण पन्नास गाण्यांच्या यादीतून पाच उचलायची असतील तर ही चाळणी चांगली चालते.

एकच गाणं निवडायचं असेल तर आमचं मत सरळ ‘एपीटी’ला. 18 ऑक्टोबर 2024 ला आलेलं हे गाणं तीन मिनिटांच्या आतच संपतं. वेग मिनिटाला 149 ठोक्यांचा, म्हणजे चांगलाच पळता. मुखड्याचा घोष, ‘आपाथ’ म्हणजे अपार्टमेंट, कोरियातल्या दारूच्या बैठकीतल्या त्याच नावाच्या एका खेळातून आलाय. सगळ्यांनी दोन्ही हात एकमेकांच्या हातांवर रचायचे, खेळ घेणाऱ्याने एक आकडा सांगायचा आणि तळाचा हात काढून वर ठेवत एकेक मजला मोजत जायचं. सांगितलेल्या मजल्यावर ज्याचा हात येईल त्याने प्यायचं. गाण्याची रचनाही तशीच आहे: छोटा तुकडा, पुन्हा तोच तुकडा, हातांचा ताल. चालीचा एक धागा 1980 च्या दशकातल्या टोनी बेझिलच्या ‘मिकी’ या चीअरलीडर छापाच्या गाण्यातून घेतलाय आणि त्याच्या मूळ गीतकारांना श्रेयही दिलंय. म्हणूनच कोरियन भाषेचा गंध नसलेला माणूसही दुसऱ्या कोरसला बरोबर ओरडू लागतो. अमेरिकेच्या ‘बिलबोर्ड हॉट 100’ यादीत ते तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं.

यात ब्रुनो मार्सला वगळून बघा. दुसरं कडवं ओकंबोकं होतं आणि कोरसमधली सवाल-जवाबाची गंमतच जाते. पाहुणा गाण्याला हवा होता याची ही खूण.

‘सेव्हन’चं तसं नाही. 14 जुलै 2023 ला आलं आणि ‘हॉट 100’मध्ये थेट पहिल्या क्रमांकावर उतरलं. त्यातलं सगळं चांगलं जंगकुकने आणि निर्माते अँड्र्यू वॉट व सर्कट यांनी लॅटो येण्याआधीच करून ठेवलंय. सुरुवातीची अकूस्टिक गिटार, तिच्याखाली लंडनच्या ‘यूके गराज’ शैलीचा उड्या मारणारा ताल, आठवड्याचे सातही वार मोजणारा कोरस आणि त्यावर तरंगणारा हलका, वरच्या पट्टीतला आवाज. लॅटोचं कडवं वाईट नाही, चटपटीत आहे. पण ते काढलं तरी गाण्याला भोक पडत नाही. शिवाय संपूर्ण गाणं इंग्रजीत आहे. कोरियन पॉप म्हणजे काय ते चाखायचंय म्हणून कोणी हे पहिलं लावलं, तर त्याला उत्तम अमेरिकी पॉप ऐकायला मिळेल, इतकंच.

इथे एक व्यवहाराची गोष्ट. ‘सेव्हन’च्या दोन प्रती आहेत: एक्स्प्लिसिट आणि क्लीन. एक्स्प्लिसिट प्रतीत कोरसमध्येच उघड शिवी-छापाचं क्रियापद आहे आणि ते पुन्हा पुन्हा येतं. घरात लहान मुलं असतील किंवा गाणं शाळेच्या स्पीकरवर वाजणार असेल तर अ‍ॅपमध्ये नावाशेजारी ‘ई’ची खूण आहे का ते पाहा आणि क्लीन प्रतच जतन करा. क्लीन प्रतीचाही विषय सोवळा नाही, फक्त शब्द धुतलेत.

गॅदरिंगसाठी निवडणार असाल तर फरक आणखी वाढतो. ‘एपीटी’त नाचाच्या अवघड जागा कमी आहेत, हात आणि खांद्यांवर निभावतं, दहा-बारा जणांचा गट सहज बसतो. हमखास चूक होते ती ट्रॅक कापताना. सुरुवातीला कोरियनमध्ये एक बोललेली ओळ आहे, चेयंगचा आवडता खेळ सुरू होतोय अशा अर्थाची. चेयंग हे रोझेचंच कोरियन नाव. ‘हे नुसतं बोलणं आहे’ म्हणून लोक ती ओळ उडवतात, मग घोष सुरू व्हायच्या आधी मोजायला काहीच उरत नाही आणि पहिली रांग अर्धा ठोका मागे पडते. ती ओळ ठेवाच. दुसरी चूक उच्चाराची: घोषातला शब्द ‘आ-पा-थ’ असा तीन आघातांचा आहे. इंग्रजीतला ‘अपार्टमेंट’ डोक्यात ठेवून ‘र’ घुसवला की 149 च्या वेगात जीभ अडखळते. आणि हो, ब्रुनोच्या भागात कोरियन ‘चिअर्स’ आहे. शिक्षकांनी गाण्याचे शब्द लिहून मागितले तर तयारीत राहा.

‘सेव्हन’ नाचायला मोहक, पण फसवं. वेग साधारण 125 चा असला तरी ताल लंगडत चालतो, त्यामुळे सरळ एक-दोन-तीन-चार मोजणारा गट कंबरेच्या हालचालीत हमखास पुढे पळतो. सराव फोनच्या स्पीकरवर करू नका. त्यात बेस ऐकूच येत नाही, आणि या गाण्यात पाय बेसवर पडतात. पुरुष आवाजात गायचं असेल तर कराओके ट्रॅक दोन-तीन सेमीटोन (पेटीच्या लगतच्या पट्ट्या) खाली घ्या. नाहीतर पहिल्या कोरसला आवाज पातळ होतो आणि शेवटच्याला फाटतो.

जंगकुकचंच ‘थ्रीडी’ सप्टेंबर 2023 मध्ये आलं. पाहुणा गाण्याचं नुकसान कसं करू शकतो याचं ते उदाहरण. पाहुणा रॅपर जॅक हार्लोच्या कडव्यातला बायकांबद्दलचा सूर बऱ्याच श्रोत्यांना खटकला, आणि आम्हालाही ते कडवं गाण्याच्या गुळगुळीत चालीत खड्यासारखं लागतं. नंतर हार्लोशिवायची ‘ऑल्टरनेट’ प्रत निघाली आणि जस्टिन टिंबरलेकबरोबरचं रीमिक्सही आलं. ऑल्टरनेट प्रत ठेवा, बाकीच्या दोन सोडल्या तरी चालेल.

कोरियन भाषा कानावर पडावी ही अट असेल तर ‘माय युनिव्हर्स’ आणि ‘न्यू वूमन’ यांत पहिलं घ्या. 2021 च्या त्या गाण्यासाठी कोल्डप्लेचा ख्रिस मार्टिन साथीच्या काळात सोलला गेला होता. बीटीएसच्या आरएम, शुगा आणि जे-होप यांचीही नावं गीतलेखनात आहेत, आणि कोरियन ओळी मुख्य चालीतच विणल्यात. जानेवारी 2025 मध्ये नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्ले ऐकलेल्यांना वेगळं सांगायला नको. निर्मिती पॉपचा नामी निर्माता मॅक्स मार्टिनची असल्याने गाणं जरा जास्तच चकचकीत आहे, एवढीच तक्रार.

ब्लॅकपिंकच्याच लिसाच्या ‘न्यू वूमन’मध्ये इंग्रजी आहे, ‘फीचरिंग’मधल्या स्पॅनिश गायिका रोसालियाची स्पॅनिश आहे, कोरियन नाही. पण ‘फीचरिंग’च्या नियमाला अपवाद म्हटलं तो हाच. रोसालिया आली की ठेकाच बदलतो आणि गाणं तिथे जागं होतं. पहिलं मिनिट ऐकून बंद करणाऱ्यांच्या हाती काहीच लागत नाही.

नाच नको, गोंगाट नको, शांत बसून ऐकायचंय? मग जे-होपचं ‘ऑन द स्ट्रीट’, मार्च 2023 चं. शिट्टीची धून, कोरियन-इंग्रजी ओळी आणि शेवटाकडे अमेरिकी रॅपर जे. कोलचं लांब कडवं. जे-होप ज्याला ऐकत मोठा झाला तोच इथे पाहुणा आहे, त्यामुळे कडवं चिकटवलेलं वाटत नाही. आणि कोरियन रॅपर जी-ड्रॅगनचं 2025 चं ‘टू बॅड’, अमेरिकी गायक अँडरसन पाकसोबतचं, हे मात्र फोनवर अजिबात लावू नका. त्या फंकी ठेक्याला बरे हेडफोन तरी हवेतच.