गोव्याच्या सत्तरी तालुक्यात नदीकाठचं घर की साखळी शहरात भाड्याची खोली?

चवथीला गावी आलेल्या मुलांपैकी दरवर्षी कोणीतरी मला हे विचारतंच. लग्न ठरलंय, नोकरी होंड्याच्या औद्योगिक वसाहतीत आहे, मग साखळीला खोली घ्यावी की घरूनच ये-जा करावी? मी दोन्ही केलंय. सहा वर्षं साखळीत भाड्याने राहिलो आणि आता घरी परतून चौथं वर्ष चालू आहे. आमचं घर वाळपईच्या पलीकडे, अभयारण्याच्या कडेला, म्हादई नदीला मिळणाऱ्या एका ओहळाच्या वरच्या अंगाला आहे. मी सांगतो ते अशा घराविषयी. तुमचं गाव रस्त्याला लागून असेल, तर यातल्या निम्म्या गोष्टी तुम्हाला लागू होणार नाहीत.

साखळीची सोय खरीच आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. कारखाना दहा मिनिटांवर, बायकोला बाजार पायाखाली, मुलाची शाळा जवळ. रात्रपाळी करून आलो की सात वाजता अंथरुणात. घरून तेच अंतर स्कूटरने पाऊण तास, आणि पावसात तासाच्या वर. वाळपईचा पाऊस गोव्यात प्रसिद्ध आहे, दीडशे इंच ओलांडले तरी तिथे कोणाला नवल वाटत नाही. आषाढात वाटेवर झाड आडवं पडतं, वीज जाते, आणि ती कधी येईल ते लाइनमनलाही सांगता येत नाही. मोबाइलची रेंज घराच्या मागच्या टेकाडावर. मुलगा आठवी-नववीत असेल किंवा घरात हृदयाचा आजार असलेलं माणूस असेल, तर मी स्वतःच म्हणेन की पुढचं वाचू नका, खोली घ्या. मोठ्या दुखण्याला शेवटी बांबोळीचं सरकारी इस्पितळच गाठावं लागतं आणि गावातून ते फार दूर पडतं.

पुराची भीती बरेच जण बोलून दाखवतात. २०२१च्या जुलैत म्हादई चढली तेव्हा सत्तरीत मातीच्या भिंतींची घरं कशी बसली ते आम्ही डोळ्यांनी पाहिलं. आमच्या खालच्या भाटात, म्हणजे बागेत, छातीभर पाणी होतं, घर उंचावर म्हणून वाचलं. पण साखळीच्या बाजारालाही वाळवंटी नदीचं पाणी माहीत आहे. या बाबतीत गाव आणि शहर यांच्यापेक्षा तुमचं घर किती उंचीवर आहे हे महत्त्वाचं.

रानातला ताप मात्र गांभीर्याने घ्या. माकडताप सत्तरीत पहिल्यांदा २०१५ला पाळी गावात आला. तो गोचिडीतून होतो आणि त्याचा हंगाम नेमका काजू गोळा करायच्या दिवसांत येतो. आम्ही बोंडू, म्हणजे काजूची फळं, वेचायला जाताना अंगभर कपडे घालतो, उघड्या अंगाला तेल लावतो, परतल्यावर कपडे थेट उकळत्या पाण्यात आणि माणूस न्हाणीत. ताप आला आणि डोकं फुटायला लागलं तर घरी काढे करत बसू नका. वाळपईच्या आरोग्य केंद्रात जा आणि रानात गेलो होतो हे आपणहून सांगा.

आता कागदाचं. घर बापजाद्यांचं आहे, पण वन-फोर्टीनवर, म्हणजे जमिनीच्या उताऱ्यावर, आमचं नाव नाही. सत्तरीत ही कहाणी घरोघर आहे. मोकासो आणि आल्वारा, म्हणजे जुन्या राजवटींनी इनाम किंवा लागवडीला दिलेल्या जमिनींचं भिजत घोंगडं पोर्तुगीज काळापासून चालत आलेलं आहे. नाव नसल्यावर बँक घरासाठी कर्ज देत नाही. त्यात सत्तरीतल्याच गोळावली गावात जानेवारी २०२०मध्ये चार वाघ विषाने मेले. मग जुलै २०२३मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने व्याघ्र क्षेत्र अधिसूचित करायला सांगितलं आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. वाघ राहावेत असं मला मनापासून वाटतं. ते रान आहे म्हणून आमच्या ओहळाला वैशाखातही पाणी आहे. पण ज्याची दुभती गाय वाघाने नेली, त्याला भरपाई वेळेवर मिळाली पाहिजे हेही तितकंच मनापासून वाटतं. तुमच्यापुरतं एवढंच, की नवं काँक्रीटचं घर बांधायचा बेत असेल तर थांबा. जुनं आहे ते शाकारून राहायला हरकत नाही.

एवढं सगळं साखळीच्या पारड्यात पडूनही मी परत गेलो, ते पाण्याच्या पाळीमुळे.

आमचं कुळागर, म्हणजे पोफळींची बाग, सात घरांच्या सामाईक पाटावर आहे. दिवाळी झाली की सातही घरांची माणसं जमतात आणि दगड, माती, फांद्या घालून ओहळावर बांध घालतात. तिथून पाटाने पाणी पोफळींत येतं. प्रत्येक घराची पाळी ठरलेली असते. आमची सातव्या दिवशी, सूर्य मावळल्यापासून दुसऱ्या दिवशी मावळेपर्यंत. पावसापर्यंत पोफळी, मिरवेली, केळी, जायफळ, सगळं या एका दिवसावर जगतं.

साखळीला राहून ही पाळी सांभाळता येईल असं मी धरून चाललो होतो. आठवड्यातून एक रात्र तर जायचं! पण कारखान्याच्या पाळ्या आणि पाटाची पाळी यांचा मेळ बसत नाही. आज रात्रपाळी, उद्या सुट्टी रद्द. मग मी शेजारच्या काकांना फोन करायचो. रेंज नसायची. दुसऱ्या दिवशी ते टेकाडावर चढून मला फोन करायचे, "बाबू, तुझं पाणी सोडू काय?" ते सत्तर वर्षांचे, गुडघे दुखणारे. स्वतःचं आटपून रात्री बॅटरी घेऊन माझ्या आळ्यांत पाणी फिरवायचे आणि पैसे हातात घ्यायचे नाहीत. एका मार्चमध्ये माझ्या लागोपाठ दोन पाळ्या चुकल्या, काकांनाही ताप होता. वडिलांनी शेवटच्या वर्षी लावलेली जायफळाची अकरा रोपं होती, त्यातली नऊ गेली. नुकसान पैशांत मोजलं तर फार नव्हतं. पण त्यानंतर फोन वाजला आणि काकांचं नाव दिसलं की मला जेवण जाईना. जमीन माझी, पाणी माझ्या वाट्याचं आणि दर आठवड्याला ते एका म्हाताऱ्या माणसाने माझ्यासाठी राखायचं!

पावसातही तेच. सुपारीच्या कोळेरोगासाठी बोर्डो मिश्रण फवारायचं तर पहिली फवारणी मिरगाआधी आणि दुसरी साधारण चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी, तीही उघाड बघून. उघाड दोन तासांची असते. तेवढ्यात पोफळीवर चढणारा पाडेली गाठायचा, मोरचूद आणि चुना कालवायचा. साखळीत बसून ती उघाड पकडता येत नाही, आणि चुकली की कोवळ्या सुपाऱ्यांचा सडा पडतो.

परत आल्यावर मी पहिली गोष्ट केली ती कारखान्यात साहेबांशी बोललो. पगारात थोडी झळ सोसली, पण कायम सकाळची पाळी मागून घेतली. हे ज्याला जमणार नाही त्याचा हिशेब वेगळा निघू शकतो, ते मी मानतो. भाड्याचे साडेसहा हजार वाचतात, त्यातले अडीच हजार पेट्रोलला जातात. सुपारी ‘बागायतदार’ या सहकारी संस्थेकडे घालतो, मिरी आणि काजूचा थोडा आधार आहे. खेती, म्हणजे माकडं, नारळ राखू देत नाहीत, माडांवर भिस्त ठेवू नका. पोफळीने मात्र मला अजून दगा दिलेला नाही. बायको पहिलं वर्षभर नाराज होती आणि तिचं चुकीचं नव्हतं. आता चवथीला गणपतीवर बांधायच्या माटोळीचं सामान, रानफळं नि पानं, ती स्वतः रानातून आणते, तरी मुलगा आठवीत जाईल तेव्हा पुन्हा विचार करू असं आमचं ठरलेलं आहे.

कुळागर नसेल, नुसतं घरच असेल, तर मला वाटतं साखळी बरी. कुळागर असेल तर खोलीचं डिपॉझिट देण्याआधी दिवाळीनंतर बांध घालायला या. तुमच्या घराची पाळी कोणत्या वारी येते ते तिथेच विचारून घ्या, आणि ती सध्या कोण सांभाळतं तेही.