युरोपातले फायनान्स फ्रेशर्सचे पगार: पैसे भरून बघितलेल्या तुलनेचा अनुभव (5 पैकी 2 स्टार)

डब्लिनमध्ये एमएससी फायनान्स संपत आलं आणि पुढे कुठल्या देशात अप्लाय करायचं या टेन्शनमध्ये मी एका पगार-तुलनेच्या साइटचं 3 महिन्यांचं सबस्क्रिप्शन घेतलं. देश टाका, रोल टाका, की वर्षाचा आकडा युरोमध्ये समोर. फंड अकाउंटिंग, रिस्क, ऑडिट वेगवेगळं दाखवतात, बोनस वेगळा दाखवतात, हे खरंच चांगलं आहे.

पण आकडा ग्रॉस असतो, म्हणजे टॅक्स, विमा वगैरे कापायच्या आधीचा, आणि सगळा घोळ तिथेच. समजा 45 हजार युरो. 2025 च्या टॅक्सप्रमाणे एकट्या माणसाला डब्लिनमध्ये महिन्याला 3,000 च्या थोडे वर हातात पडतात, फ्रँकफर्टला तेवढ्याच पगारात 2,500 च्या आसपास, कारण तिथे पेन्शन, आरोग्य विमा, बेकारी विमा सगळं पगारातूनच मोठं कापलं जातं. म्हणून डब्लिन भारी असंही नाही हं, इथे रूमचं भाडं ऐकून डोळे पांढरे होतात. झुरिच लिस्टमध्ये सगळ्यात वर, पण तिथे आरोग्य विम्याचा हप्ता पगारातून कापतच नाहीत, आपण वेगळा भरायचा, आणि साइटवर त्याबद्दल एक ओळ नाही.

सगळ्यात जास्त राग आला तो व्हिएन्नाचा. ऑस्ट्रियात साधारणपणे वर्षाला 14 पगार मिळतात, आणि त्या जादाच्या दोन पगारांवर टॅक्सही जेमतेम 6 टक्के. साइटने महिन्याचे 3,000 सरळ 12 ने गुणून 36 हजार दाखवले, खरे होतात 42 हजार! मी त्या आकड्यावर व्हिएन्ना लिस्टमधून काढून टाकलं, वर्गातल्या एका ऑस्ट्रियन मुलीने समजावलं तोवर मला हव्या असलेल्या ग्रॅज्युएट प्रोग्रॅमची (कंपन्यांची फ्रेशर्ससाठीची नोकरी-कम-ट्रेनिंग) डेडलाइन गेली होती. सपोर्टला मेल केला तर डेटा युजर्सनी भरलेला असतो एवढंच उत्तर आलं. अहो, मग पैसे कशाचे घेता?

पोलंड तळाला दाखवतात, पण तिथे 26 वर्षांखालच्यांना नोकरीच्या पगारावर वर्षाला 85,528 झ्लॉटीपर्यंत इन्कम टॅक्सच नाही. आपल्याकडून बीकॉम करून 22 व्या वर्षी मास्टर्सला येणाऱ्यांनी क्राकुफ, व्रोत्सवाफ नक्की बघा, तिथे फायनान्सची बॅक ऑफिसं (हिशोब, नोंदी अशी पडद्यामागची कामं करणारी) भरपूर आहेत.

मी रिन्यू केलं नाही. ऑस्ट्रियात जाहिरातीत किमान पगार लिहिणं कायद्यानेच बंधनकारक आहे, त्यामुळे आता सरळ जाहिराती उघडते, 14 ने गुणते आणि त्या देशाच्या नेट पगाराच्या (हातात पडणाऱ्या) कॅलक्युलेटरमध्ये टाकून बघते.