‘केमिकल वॉश’चे साडेचार हजार घेतले आणि इंजिनच्या ब्लॉकला नुसता चंदेरी रंग मारला

ऊसवाहतुकीच्या ट्रॅक्टरचं तीन सिलिंडरचं डिझेल इंजिन बेळगावातल्या एका वर्कशॉपला ओव्हरहॉलला दिलं होतं. नाव लिहीत नाही, प्रकरण ग्राहक आयोगापुढं आहे. बिल मात्र जसंच्या तसं देतो: हॉट टँक केमिकल वॉश (म्हणजे कॉस्टिकच्या गरम पाण्यात ब्लॉक बुडवून धुणं) ४,५०० रुपये, लायनर-पिस्टन किट १८,२००, बेअरिंग सेट ४,६५०, क्रँक ग्राइंडिंग ३,२००, हेडकाम ५,४००, मजुरी ९,०००. एकूण ४४,९५०. इंजिननं पन्नास तासही धरले नाहीत. ऑइल प्रेशर पडलं, खालून ठोका आला.

चेंबर (खालची ऑइलची टाकी) उतरवल्यावर बिगएंडचा, म्हणजे कनेक्टिंग रॉड क्रँकला धरतो तिथल्या बेअरिंगचा, शेल हातात घेतला. मऊ थरात वाळूचे काळसर कण रुतलेले, नखाला टोचणारे, आणि क्रँकच्या जर्नलवर (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गुळगुळीत भागावर) गोल फिरलेले ओरखडे. वर्कशॉपचं म्हणणं, ‘तुम्ही ऑइल कमी ठेवलं.’ वा! ऑइल कमी पडून बेअरिंग गेलं तर धातू वितळून पुसल्यासारखा पसरतो, जर्नल निळं पडतं. इथं ओरखडे आहेत. ही घाण आहे, आणि ती त्यांच्याच ब्लास्टिंगच्या खोलीतली आहे. केमिकल टँक वगैरे काही नाही, ब्लॉकवर वाळू मारून तो पांढराफेक केला, फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला, वर चंदेरी रंग फासला. आत ऑइल गॅलरीत, म्हणजे ब्लॉकमधून ऑइल नेणाऱ्या भोकांत, वाळू तशीच.

कळायला हवं होतं ते ब्लॉक परत आला तेव्हाच. गॅलरीच्या प्लगच्या खाचेत जुनी डांबरासारखी काजळी होती आणि तिच्यावर रंग बसला होता. म्हणजे प्लगला पाना लागलेलाच नाही. प्लग न काढता गॅलरी धुतली कशी, फुंकर मारून? हा प्लग डोळ्यांसमोर होता, आजही तोच डोळ्यांसमोर येतो. पण गळीत सुरू झालेलं, टोळीला उचल दिलेली, ट्रॅक्टर दारात उभा ठेवून कुणाला परवडतं? आणि छापील बिलावर ‘हॉट टँक’ लिहिलेलं असताना गिऱ्हाइकानं प्लग तपासत बसायचं असेल, तर पैसे कशाचे मोजायचे?

खरं धुणं कसं असतं ते ऐका, म्हणजे पुढच्याला तोंडावर विचारता येईल. आधी गॅलरीचे सगळे प्लग, रिलीफ व्हॉल्व्ह, पिस्टनवर तेल उडवणारे जेट, पाण्याच्या बाजूची पत्र्याची झाकणं (डमी), सगळं बाहेर. प्लग घट्ट असतात, गॅसनं तापवून काढावे लागतात. म्हणूनच चुकारपणा तिथं होतो. मग पाण्यात साधारण पाच टक्के कॉस्टिक सोडा, ऐंशी-नव्वद अंश, काही तास. सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यावर ओतायचं नाही. यात फक्त बीड (ओतीव लोखंड) आणि लोखंड. ॲल्युमिनियमचं टायमिंग कव्हर टाकलं तर फसफसून काळं पडतं, खाल्लं जातं. नंतर गॅलरीत लांब ब्रश आरपार, प्रेशरचं पाणी, मग हवा. क्रँकमधली मेन बेअरिंगपासून बिगएंडला जाणारी तिरकी भोकंही तशीच. पांढरा कपडा गॅलरीतून ओढला की पांढराच निघाला पाहिजे. लगेच ऑइल लावा, नाहीतर संध्याकाळपर्यंत गंज येतो.

होनिंगनंतर, म्हणजे सिलिंडरच्या आतून दगडानं बारीक रेघा मारल्यावर, बोअर रॉकेलनं पुसणारे बघितले की डोकं फिरतं. रॉकेल नुसतं तेल घेऊन जातं, दगडाचा बारीक चुरा रेघांतच राहतो. गरम पाणी, कपड्याची पावडर, ब्रश. ऑइलचा कपडा राखाडी निघतोय तोपर्यंत काम संपलेलं नाही.

ब्लॉक देण्यापूर्वी मेन बेअरिंगच्या कॅप आणि रॉडवर पंचनं आकडे मारा, ब्लॉकच्या नंबराचा फोटो काढा, म्हणजे अदलाबदल कळेल. नव्या शेलच्या पाठीवर कंपनी आणि साइज कोरलेली असते, ती बघूनच बसवू द्या. जुना ऑइल कूलर परत लावू देऊ नका, त्यात मागच्या बेअरिंगचा चुरा असतो. दुसऱ्या दुरुस्तीला, क्रँक आणखी घासून दहा साइजवरून वीस साइजवर (इंचाच्या हजाराव्या भागात) नेऊन, आणखी १७,६०० गेले. म्हणजे ६२,५५०.

आता साहेब लोक. पोलीस ठाण्यात ऐकायला मिळालं, ‘हे सिव्हिल आहे.’ तक्रार मराठीत नको, कन्नडमध्ये आणा. कन्नडमध्ये नेली तर साहेब बंदोबस्ताला, ‘नाळे बर्री’, म्हणजे उद्या या. ते नाळे उजाडतच नाही. खोटं काम दाखवून पैसे घेतले तर ती फसवणूक नाही? भारतीय न्याय संहितेचं ३१८ कलम मग कुणासाठी आहे? ठाण्यात घेत नसतील तर तीच तक्रार पोलीस अधीक्षकांना पोस्टानं पाठवता येते, हे ठाण्यात कुणी सांगत नाही. १९१५ ला, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, फोन केला तर नंबर मिळतो, उत्तर मिळत नाही. वर एकाचा शहाणपणा, ‘मेकॅनिकशी भांडण कशाला घेता?’

जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षं. खराब शेल फेकू नका, दुसऱ्या वर्कशॉपकडून कारण लेखी घ्या, पक्कं बिल नसेल तर यूपीआयची नोंद जपा. समोरचा वकील ‘ट्रॅक्टर भाड्याचा, म्हणजे व्यावसायिक वापर, हे ग्राहकच नव्हेत’ असं म्हणणारच. स्वयंरोजगारानं पोट भरण्यासाठीचा वापर कायद्यानं त्यातून वगळलेला आहे. ते वाक्य पहिल्याच अर्जात घाला.