कांडी धरून सेरोटोनिन मोजणाऱ्या शिबिरांपासून सावध राहा

खानापूर, नंदगड आणि बेळगावात शहापूरच्या बाजूला सध्या 'जुनाट अंगदुखी तपासणी शिबीर' अशी पत्रकं वाटली जातायत. आमच्या गल्लीतल्या बऱ्याच बायका जाऊन आल्या, त्यात मीही होते. म्हणून हे लिहितेय.

मला फायब्रोमायल्जिया आहे. अंगभर दुखतं, रात्रभर झोपूनही सकाळी अंग मोडून आलेलं असतं, बोलता बोलता साधा शब्द आठवत नाही. आणि ईएसआर, सीआरपी, आरए फॅक्टर या सूज-संधिवाताच्या रक्ततपासण्या सगळ्या नॉर्मल! या आजाराचं निदान करणारी रक्ततपासणीच नाही. डॉक्टर लक्षणं विचारून, अंग तपासून, बाकीचे आजार वगळून ठरवतात. घरच्यांना हे पटवता पटवता जीव मेटाकुटीला येतो. "रिपोर्टात काही नाही म्हणजे मनाचंच असणार," असं सासूबाईंपासून शेजारणीपर्यंत सगळ्यांचं म्हणणं. शिबिरवाल्यांना ही दुखरी नस बरोबर सापडलीय. ते कॅप्सूलचा डबा नंतर विकतात, आधी पुरावा विकतात.

मंगल कार्यालयात टेबलावर लॅपटॉप, त्याला वायरीने जोडलेली धातूची कांडी. सेरोटोनिन, म्हणजे नसा एकमेकींना निरोप द्यायला वापरतात ते रसायन, मोजायला ती मुठीत धरून मिनिटभर गप्प बसायचं आणि ३०० रुपये द्यायचे. मग प्रिंटरमधून पानंच्या पानं. "बघा की वहिनी, तुमचं सेरोटोनिन निम्म्याच्या खाली आलंय. अंग दुखणार नाही तर काय?" लाल अक्षरात आकडा, शेजारी खाली जाणारा बाण. तो कागद मी घरी सासूबाईंच्या पुढ्यात ठेवला तेव्हा त्या पहिल्यांदा काही बोलल्या नाहीत. त्याच रिपोर्टात माझी प्रोस्टेट ग्रंथी, जी पुरुषांनाच असते, उत्तम असल्याचंही छापलं होतं. ते लेकीने वाचून दाखवलं, पण तोवर ४,२०० रुपयांचा डबा घरी आला होता.

सगळंच खोटं असतं तर शंका तरी आली असती. सेरोटोनिनचा या दुखण्याशी संबंध आहे, हे खरंच आहे. मेंदूकडून पाठीच्या कण्यात उतरणाऱ्या काही नसा वेदनेच्या संदेशांना ब्रेक लावतात आणि त्या कामात सेरोटोनिन व नॉरअॅड्रेनालिन हे तसंच दुसरं रसायन, दोन्ही लागतात. फायब्रोमायल्जियात हा ब्रेक नीट लागत नाही. म्हणून तर डॉक्टर ड्युलोक्सेटिनसारखी दोन्ही वाढवणारी गोळी देतात. तिनेही काहींना बरं वाटतं, सगळ्यांना नाही. पण शरीरातलं ९० टक्क्यांहून जास्त सेरोटोनिन आतड्यात तयार होतं. रक्तातलं बहुतेक प्लेटलेटमध्ये साठतं आणि ते मेंदूत शिरत नाही. म्हणजे चांगल्या लॅबमध्ये रक्त देऊन मोजलं तरी मेंदूत काय चाललंय ते कळणार नाही. मग कांडीने काय कळणार, कपाळ!

इथवर पैशांचंच नुकसान होतं. पुढचं मात्र जिवावर बेतलं असतं. माझी ड्युलोक्सेटिन चालू आहे, हे मी त्या माणसाला सांगितलं होतं. तो म्हणाला, "राहू दे की, दोन्हीकडनं वाढेल." डब्यातल्या कॅप्सूल सुरू केल्यावर हात थरथरायला लागले. घामाने ब्लाउज भिजायचं, छातीत धडधड, पोट बिघडलेलं, एका जागी बसवेना. डॉक्टरांनी डबा फिरवून बारीक अक्षरं वाचली: फाइव्ह-एचटीपी. शरीर यापासूनच सेरोटोनिन बनवतं. ड्युलोक्सेटिनवर हे घेतलं की सेरोटोनिन प्रमाणाबाहेर जाऊ शकतं. त्याला सेरोटोनिन सिंड्रोम म्हणतात आणि तो वाढला तर ताप चढतो, झटके येतात, माणूस दगावूही शकतो. दुखण्यासाठी सर्रास दिली जाणारी ट्रॅमाडॉल ही गोळी अशा औषधांसोबत घेतली तरी हाच धोका असतो. कॅप्सूल तिथल्या तिथे बंद केल्या आणि माझं निभावलं. डॉक्टरांची गोळी मात्र स्वतःच्या मनाने एकदम सोडू नका, त्याचाही त्रास होतो.

पैसे परत मागायला फोन केला तर समोरून सल्ला आला: "वहिनी, तुम्हीच एजन्सी घ्या, चार बायका जोडा, पैसे वसूल." नंतर नंबर बंद. पत्रकावर पत्ता नाही. बिल मागितलं तेव्हा वहीच्या कागदावर नुसता आकडा लिहून दिला होता. डब्यावर 'आहारपूरक' असं छापलेलं, म्हणजे उद्या अंगाशी आलं तर आम्ही औषध म्हणून दिलंच नाही, असं म्हणायला मोकळे.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, तिथे तक्रार नोंदवता येते. मी बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडेही जाणार आहे. रिपोर्ट, डबा आणि तो वहीचा कागद जपून ठेवलाय. तुमच्यापैकी कुणी फोन पेवरून पैसे दिले असतील, तर तो व्यवहार मोबाइलमधून पुसू नका. माझ्याकडे रोखीचा कागद आहे, तेवढ्यावर त्यांचं नाव सिद्ध होत नाही.