हँगिंग रॉकच्या रेस, बुकीची छत्री आणि माझे पाच डॉलर

मेलबर्नमध्ये राहून "मी रेसला जाते" असं सांगितलं की समोरचा लगेच विचारतो, "कपला?" म्हणजे मेलबर्न कप. नोव्हेंबरचा पहिला मंगळवार, ३२०० मीटर, अख्ख्या शहराला सुट्टी, बायकांच्या डोक्यावर पिसं. तो मी घरी सोफ्यावर बसून बघते. मी जाते ते गावाकडच्या ट्रॅकवर. व्हिक्टोरियात असे ट्रॅक बरेच आहेत. त्यातले काही वर्षातून एकदोनदाच उघडतात, एरवी तिथे गवत वाढतं. या मोसमात दोन-तीन ठिकाणी जाऊन आले. पुण्या-मुंबईहून आलेली मंडळी सारखी विचारतात, की तिथे काय ठेवलंय, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी माझी पात्रता. मी पुण्यातल्या घोरपडीची. रेसकोर्स घरापासून सायकलच्या टप्प्यात. ट्रॅक १८३० पासूनचा, मोसम जुलै ते ऑक्टोबर, म्हणजे ऐन पावसात. बाबा रेल्वेत होते. सुट्टीच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून "जरा कॅम्पात जाऊन येतो" म्हणत निघायचे, आणि कॅम्प म्हणजे कुठे ते आईसकट सगळ्या चाळीला ठाऊक होतं. मला मात्र कधी नेलं नाही. पोरींना न्यायची ती जागा नव्हे, यावर आई-बाबांचं एकमत होतं, आणि त्यांचं एकमत होण्याचा तेवढाच एक विषय होता. मी मैत्रिणींबरोबर शेजारच्या एम्प्रेस गार्डनमध्ये बसायची. पलीकडून एकदम ओरडा उठला की समजायचं, घोडे शेवटच्या सरळीत आले. घोडा काही दिसायचा नाही. ओरडा तेवढा वाट्याला.

त्यामुळे बावन्नाव्या वर्षी, पहिल्यांदा हँगिंग रॉकला गेले, तेव्हा पॅडॉकच्या, म्हणजे रेसआधी घोडे फिरवतात त्या आवाराच्या, कठड्याला टेकून उभी राहिले ती दोन रेस तिथून हललेच नाही.

हँगिंग रॉक मेलबर्नपासून सत्तरेक किलोमीटरवर. मेलबर्नच्या सदर्न क्रॉस स्टेशनहून बेंडिगोच्या गाडीने वूडएंडला उतरायचं, तिथून अजून आठेक किलोमीटर. आम्ही आपली गाडी काढतो. रेस दोनच दिवस, १ जानेवारी आणि २६ जानेवारी. ट्रॅकच्या डोक्यावर तो प्रसिद्ध खडक, घट्ट लाव्हा वर येऊन थिजला त्याचे सुळके. वय सुमारे साठ लाख वर्षं. आपला सह्याद्री त्याच्या दहापट म्हातारा, हे मी सोबत येणाऱ्या प्रत्येकाला सांगते, कोणी विचारलेलं नसलं तरी. सकाळी लवकर पोचलात तर वर चढून या. माथ्यावरून ट्रॅक मुलांच्या खेळण्यासारखा दिसतो. आणि हो, कांगारू. ट्रॅकवर कांगारू शिरल्यामुळे इथे शर्यती खोळंबल्याच्या बातम्या मी वाचल्या होत्या, त्यामुळे सुरुवात पाच मिनिटं लांबली की मी आधी झाडीकडे बघते.

आता खरी गोष्ट. मोठ्या ट्रॅकवर माणूस आणि घोडा यांच्यात फार वस्तू असतात: सदस्यांचं कुंपण, तंबू, कॅमेरे. इथे कठडा, आणि पलीकडे घोडा. गेल्या १ जानेवारीला तिसऱ्या रेसआधी एक तांबूस घोडी माझ्यापासून चार हातांवरून चालली होती. तिला फिरवणारी मोतद्दार जेमतेम विशीतली पोरगी, दंडावर गोंदलेलं, एका हातात लगाम, दुसऱ्या हातात ओला स्पंज. घोडीच्या मागच्या मांड्यांमध्ये घामाचा पांढरा फेस आला होता. ती पोरगी तो पुसायची, दहा पावलांत तो परत यायचा. मानेवरची शीर करंगळीएवढी फुगलेली. रेसबुकात या घोडीचे मागचे तीन निकाल चांगले होते, फेव्हरिटही, म्हणजे जिच्यावर सगळ्यात जास्त भरवसा, तीच. पण बाबांनी फोनवर एक गोष्ट घोकून घेतली आहे: "आकडे नंतर. आधी चालताना मागचा पाय बघ. पुढच्या खुराच्या ठशाच्या पुढे पडतोय का? पडत असेल तर घोडा मोकळा आहे." हिचा ठशावरही पडत नव्हता. मागून येणारा सात नंबरचा काळपट घोडा मात्र दुकानातून पिशवी हलवत घरी निघाल्यासारखा ऐसपैस चालला होता.

मी बुकींकडे गेले. हा या ट्रॅकांचा दुसरा नजराणा. भारतात आमच्या पिढीला बुकी म्हटलं की पोलिसांची धाड आठवते, रेसकोर्सच्या आतले परवानाधारक बुकी सोडून. इथे छत्री लावून, स्टुलावर उभे राहून, बॅग अडकवलेल्या बोर्डामागे रीतसर धंदा करणारी माणसं. खडूचे फळे गेले, आता भाव दिव्यांच्या बोर्डावर झळकतात आणि तिकीट छापून मिळतं. भाव दशांशात. सात नंबरला ६.०० म्हणजे पाच डॉलर लावले आणि जिंकला तर तीस हातात, त्यात आपले पाच आलेच. शेजारच्या छत्रीखाली त्याच घोड्याला ५.५० होता. मंडईत कोथिंबिरीची जुडी घेताना आपण दोन गाळे फिरतोच की, तसं इथेही फिरायचं. अर्ध्या पॉइंटात पाच डॉलरवर अडीच डॉलरचा फरक पडतो. बुकीकडे एकदा तिकीट घेतलं की तो भाव आपला, नंतर बोर्ड काहीही म्हणो. टोटवर तसं नाही. तिथे सगळ्यांचे पैसे एका पातेल्यात, आणि वाटा किती पडला ते झाकण लागल्यावर कळतं.

"सात नंबर, पाच डॉलर, विन."

"फक्त पाच, डार्ल? मी घाबरून गेलो," म्हातारा बुकी म्हणाला. पण तिकीट दिलं. पाच डॉलरला नाक न मुरडणारा बुकी फक्त गावाकडेच भेटतो, असं माझं मत झालंय.

रेस १२०० मीटरची. सव्वा मिनिटाच्या आत आटोपते. सुरुवात लांब, पलीकडच्या बाजूला, तिथे फक्त रंगीत टोप्या दिसतात. मग वळण, आणि मग तो आवाज. टीव्हीवर टापांचा आवाज कधी नीट येत नाही. इथे तो आधी तळव्यांना लागतो, मग कानांना. चाबकाचे फटके, एका जॉकीने दुसऱ्याला हासडलेली शिवी, ढेकळं उडताना दिसतात. माझा सात नंबर अर्ध्या घोड्याच्या लांबीने दुसरा आला. फेव्हरिट घोडी सहावी. पाच डॉलर गेले, पण बाबांचा मागचा पाय खरा ठरला, आणि त्या आनंदात मी चिप्सवर आठ डॉलर उडवले.

दोन रेसमध्ये पस्तीस-चाळीस मिनिटं जातात. अनेकांना हाच वेळ कंटाळवाणा वाटतो. आमच्या ह्यांना वाटतो. ते सुडोकूचं पुस्तक आणतात. मला विचाराल तर तिकिटाचे पैसे त्या चाळीस मिनिटांचेच आहेत. फोनमध्ये पैजा लावायचं अ‍ॅप असतं तर तेवढ्या वेळात मी चार शहरांतल्या चार रेस हरले असते, तेही घोडा न बघता. इथल्या टीव्हीवर अशा अ‍ॅपच्या जाहिराती असतात, आणि ऑफिसमधली पंचविशीतली पोरं जेवणाच्या सुट्टीत काय करतात ते मी बघते. मी अ‍ॅप घेतलेलं नाही. सकाळी पाकिटात चाळीस डॉलर सुटे ठेवते, आठ रेस, प्रत्येकी पाच. ते संपले की पर्स ह्यांच्याकडे.

पिकनिक रेस हा आणखी वेगळा प्रकार. साधारण उन्हाळ्याच्या महिन्यांत असतात, आणि त्यात व्यावसायिक जॉकी नसतात, हौशी रायडर असतात. मॉर्निंग्टन द्वीपकल्पावर बालनारिंगचा असा ट्रॅक आहे, झाडीत लपलेला. तिथे लोक घडीची टेबलं, बर्फाच्या पेट्या, टेबलक्लॉथ घेऊन येतात. आपण सतरंजी टाकून डबा उघडला तर त्यांच्यातलेच होऊन जातो. मी तिखटमिठाच्या पुऱ्या, लसणाची चटणी आणि लिंबाचं गोड लोणचं नेते. शेजारच्या आजोबांनी चटणी जॅमसारखी पुरीला थापली, मी ओरडेपर्यंत तोंडात गेली होती. डोळे पुसत त्यांनी मला पाचव्या रेसची टीप दिली. घोडा शेवटून दुसरा आला. आमचा हिशोब फिटला.

खेळण्याच्या दृष्टीने सांगायचं तर पिकनिक रेसमध्ये रेसबुकावर फार विसंबू नका. शहरात न चाललेले, उतरणीला लागलेले घोडे इथे येतात. आज पळेल, उद्या गवत बघत उभा राहील. बाबांचा सल्ला: "हौशी लोकांत घोडा बघू नको, वर कोण बसलंय ते बघ." रायडर थोडेच, दोन-तीन फेऱ्यांत चेहरे ओळखीचे होतात. या सल्ल्यावर मी तीनदा जिंकले, सातदा हरले.

एक ठेच मात्र सांगितली पाहिजे. कुठल्या ट्रॅकवर ते महत्त्वाचं नाही, कारण चूक माझीच. प्लेसला लावलं की घोडा पहिल्या तिनात आला तरी पैसे, हे मी धरून चालले होते. ते आठ किंवा जास्त घोडे पळत असतील तरच. पाच ते सात असतील तर पहिले दोनच, चार किंवा कमी असतील तर टोटवर प्लेसच नाही. त्या रेसला आठ होते, ऐनवेळी एक बाद झाला, उरले सात. बोर्डावर तसं लिहिलंही होतं. मी तेव्हा स्कोनवर साय आणि जॅम फासत होते. घोडा तिसरा आला, मी खिडकीशी तिकीट घेऊन गेले, आणि तिथल्या बाईने फार प्रेमाने मला नियम समजावला. तेव्हापासून रेस सुटायच्या दोन मिनिटं आधी हातात खाणं घेत नाही.

आणखी एका ठिकाणी नेटवर्क गेल्याने कुणाचंच कार्ड चालेना, सगळे एकमेकांकडे सुटे मागत फिरत होते. म्हणून नोटा न्या. टोपी, पाणी, सनस्क्रीन न्या. जानेवारीत चाळीस अंश होऊ शकतं, माश्या नाकात शिरतात. शाकाहारी असाल तर डब्याला पर्याय नाही. "व्हेज पाय" मागितल्यावर एका गाडीवाल्याने मला चिकन पाय दिला होता.

व्हिक्टोरियातल्याच वॉर्नमबूल गावच्या रेसचं लोक फार सांगतात. मे महिन्यातले तीन दिवस, आणि त्यातली ग्रँड अ‍ॅन्युअल: ५५०० मीटर, ३३ अडथळे, १८७२ पासून चालत आलेली. टेकडीवर उभे राहून लोक या कठड्यावरून त्या कठड्याकडे धावत बघतात, असं दृश्य दुसरीकडे मिळणार नाही. पण अडथळ्यांच्या रेसमध्ये घोडे पडतात, मरतात, त्याविरुद्ध निदर्शनंही होतात, आणि ऑस्ट्रेलियात हा प्रकार आता व्हिक्टोरियातच उरलाय. मी एकदा गेले. चौथ्या अडथळ्यापासून मी घोड्यांऐवजी स्वतःच्या बुटांकडे बघत होते. पुन्हा जाणार नाही. सपाट रेसमध्येही घोड्यांचं सगळं आलबेल असतं अशी माझी समजूत नाही, पण माझी मर्यादा तिथपर्यंत आहे.

बाबा आता ८४ चे. पुण्यात रेसला जाणं गुडघ्यांमुळे थांबलं. खेळणं त्याआधीच करामुळे थांबलं होतं: ऑक्टोबर २०२३ पासून लावलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी, आणि सप्टेंबर २०२५ पासून ४०. "घोड्याच्या आधी सरकार पोचतं," असं त्यांचं म्हणणं. म्हणून मी आदल्या रात्री रेसबुकाची पानं त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवते. इथे दुपारचे दोन वाजतात तेव्हा तिकडे सकाळचे साडेआठ, त्यांचा चहा झालेला असतो. पॅडॉकमधून व्हिडिओ कॉल लावते आणि फोन खुरांच्या उंचीवर धरते. मागून आईचा आवाज येतो, "मुलीलाही लावलात नाद." ते ऐकू न आल्यासारखं करून म्हणतात, "जरा डावीकडे धर. हा नको. हा... थांब, हा परत दाखव."

त्यांच्या नावाने मी दर रेसला वेगळे पाच डॉलर लावते. हिशोब ते स्वतः रेल्वेच्या जुन्या डायरीत ठेवतात. सध्या मला पासष्ट डॉलर देणं लागतात, पण त्यातला एक निकाल त्यांना मान्य नाही. फोटो फिनिश होता. तो फोटो मोठा करून पाठव, मग बघू, म्हणालेत.