नवी नोकरी, ओव्हन आणि जॉगिंग ट्रॅक: नाशिकमध्ये कशाला किती वेळ द्यायचा

अंबड-सातपूरच्या कारखान्यात नुकतेच रुजू झालेले असा, सीएकडे आर्टिकलशिप (उमेदवारी) करत असा, की कॉलेज रोडच्या फ्लॅटमधून पुण्याच्या कंपनीचं काम करत असा, पहिल्या दोन-तीन वर्षांतला पेच साधारण सारखाच असतो. काम शिकायचंय, एखादी परीक्षा द्यायचीय, आणि पळणं, बेकिंग, रोजचा स्वयंपाक यांतलं काय धरायचं ते ठरत नाही. बहुतेक जण तासांचा हिशेब मांडतात आणि तिथेच फसतात. बघायचं ते हे: ऑफिसात अचानक दोन तास जास्त गेले, तर यातलं काय तुमच्यासाठी थांबतं? ब्रेडचं पीठ फ्रिजमध्ये दीड दिवस निवांत थांबतं. चुकलेलं पळणं मागाहून भरून काढता येत नाही. भूक तर थांबतच नाही.

पळणं: वेळ ठरलेली असेल तरच

अर्ध्या तासाच्या पळण्याला प्रत्यक्षात सव्वा तास लागतो. ट्रॅकवर पोहोचणं, दहा मिनिटं अंग मोकळं करणं, शेवटी चालणं, घरी येऊन अंघोळ हे सगळं धरा. म्हणून सुटण्याची वेळ ठरलेली असणाऱ्याला हा छंद परवडतो.

जनरल शिफ्ट असेल तर सकाळी पावणेसहाला ट्रॅकवर असणं जमतं. एप्रिल-मेमध्ये ते आवश्यकच, कारण आठनंतर ऊन चटके देतं. पहिली पाळी सातची असेल तर पहाटेचा नाद सोडा. चारला उठायचं म्हणजे रात्री साडेआठला झोपायला हवं, आणि ते चार दिवसांपुढे टिकत नाही. अशांनी संध्याकाळी साडेपाच-सहाला पळावं. दुसरी पाळी असेल तर हिवाळ्यात सकाळी साडेआठ-नऊची वेळ उत्तम, उन्हाळ्यात मात्र ती निकामी. रात्रपाळी करून आल्या आल्या पळू नका. आधी झोप, मग संध्याकाळी पळणं. पाळी बदलते तो दिवस तर पूर्ण मोकळा ठेवा.

सुरुवात आठवड्यातून तीनदा, एकाआड एक दिवस. पहिले दोन आठवडे एक मिनिट पळणं आणि दोन मिनिटं चालणं, असं आठ वेळा. पुढे दर आठवड्याला पळण्याचा हिस्सा थोडा वाढवत गेलं की नऊ-दहा आठवड्यांत सलग अर्धा तास पळता येतं. पळताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. धाप लागून शब्द तुटत असतील तर वेग जास्त आहे. आठवड्याचं एकूण अंतर मागच्या आठवड्यापेक्षा साधारण दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नका. दमसास लवकर वाढतो, हाडं आणि स्नायूबंध सावकाश तयार होतात. नव्या पळणाऱ्यांची नडगी दुखते ती बहुधा यामुळेच. बुधवार चुकला तर चुकला. तो शुक्रवारच्या पळण्यात मिसळला की दुखापतीला आमंत्रण.

जागा निवडताना मातीचा पृष्ठभाग शोधा. कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक किंवा गोल्फ क्लबचं मैदान सिमेंटच्या रस्त्यापेक्षा पायांना बरं. पांडवलेणीच्या पायऱ्या पहिले तीन महिने नकोत. चढताना दम जातो ते ठीक, पण उतरताना गुडघ्यांवर ताण येतो, आणि पावसाळ्यात दगड निसरडे होतात. २०२७ च्या सिंहस्थात पर्वण्यांच्या दिवसांत गोदाघाट-तपोवनाचा बेतच आखू नका. आणखी एक. हा जिल्हा कविता राऊत यांचा, ज्यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्य मिळवलं. इथल्या ट्रॅकवर पहाटे खरोखर वेगवान मुलं-मुली दिसतात. त्यांच्या मागे लागू नका.

बेकिंग: ब्रेड धरा, केक नंतर

ज्यांची सुटण्याची वेळ बेभरवशाची, त्यांच्यासाठी हा छंद पळण्यापेक्षा सोयीचा आहे, पण केक नव्हे. दही आणि सोडा एकत्र आले की वायू लगेच सुटू लागतो. मिश्रण तयार झालं की दहा मिनिटांत ओव्हनमध्ये गेलं पाहिजे. मध्येच साहेबांचा फोन वीस मिनिटं चालला, तर केक मधोमध बसतो. ब्रेड असा हट्ट करत नाही.

सुट्टी ज्या वारी असेल (एमआयडीसीत ती रविवारीच असते असं नाही), त्याच्या आदल्या रात्री नऊला पीठ भिजवा. मैदा ३०० ग्रॅम, कणीक १०० ग्रॅम, पाणी २६० ग्रॅम, मीठ ८ ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट २ ग्रॅम. फक्त एकत्र करून वीस मिनिटं झाका, मग आठ मिनिटं मळा. बाहेर एक तास ठेवून झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवा. बारा ते छत्तीस तासांत केव्हाही काढा, वळकटी करून नऊ बाय पाच इंची टिनमध्ये घाला, दीड-दोन तास फुगू द्या आणि २०० अंशांवर ३५ ते ४० मिनिटं भाजा. हाताचं काम सगळं मिळून अर्धा तास, बाकी वेळ पुस्तक उघडून बसता येतं.

बिघडतं ते बहुधा हवेमुळे. मे महिन्यात स्वयंपाकघर ३४ अंशांवर असतं. तेव्हा पीठ बाहेर तासभर राहिलं तर जास्त फुगून आंबूस होतं आणि भाजताना खचतं. उन्हाळ्यात फ्रिजमधलं गार पाणी वापरा, यीस्ट दीड ग्रॅम करा, बाहेर अर्धाच तास ठेवा. जानेवारीत उलट. टिन बंद असलेल्या ओटीजीत (विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये) ठेवून शेजारी गरम पाण्याचं भांडं ठेवा, नाहीतर दोन तासांनीही पीठ जागचं हलत नाही. भाजल्यावर दीड तास न कापता ठेवा. गरम कापलात की आतली जाळी चिकट लागते आणि दोष विनाकारण कृतीला जातो.

हा छंद पळण्यापेक्षा महाग पडतो. बरे बूट साधारण तीन-पाच हजारांत येतात. या टिनला पुरेल असा २८-३० लिटरचा ओटीजी त्याच्या जवळजवळ दुप्पट. शिवाय तो १५०० वॉटच्या आसपास असतो, त्याला पॉवर प्लग लागतो. भाड्याच्या फ्लॅटमध्ये ओट्याजवळ असा एकच प्लग असतो, कधी तोही नसतो. विकत घेण्याआधी ते बघा. पीजीत राहत असाल तर हा पर्याय इथेच संपला. वीज एका ब्रेडला दीड युनिटाच्या आत लागते. ओटीजीच्या तापमानाच्या काट्यावर मात्र विश्वास ठेवू नका, तो वीस अंश इकडेतिकडे असू शकतो. आतमध्ये ठेवायचा वेगळा तापमापक घ्या.

स्वयंपाक: छंद नव्हे, पाया

याची तुलना बाकी दोघांशी करायची नसते, कारण हा रोज आहेच. प्रश्न फक्त तो किती आटोपशीर करायचा. सुट्टीच्या दिवशी एक तास वाटणाला द्या: एक किलो कांदा, अर्धा किलो टोमॅटो, ५० ग्रॅम लसूण, ३० ग्रॅम आलं, अर्धी वाटी तेल. तेल सुटेपर्यंत परता, कांद्यात पाणी राहिलं तर तिसऱ्या दिवशी आंबतं. सहा वाटे करून दोन फ्रिजमध्ये, चार फ्रीझरमध्ये. खोबरं त्यात घालू नका, लवकर खवट होतं. भाजीच्या वेळी घाला. सोबत मटकी भिजवा. आठ तास पाण्यात, मग फडक्यात. उन्हाळ्यात बारा तासांत मोड येतात, थंडीत चोवीस तासही लागतात.

एरवी कुकर: खालच्या डब्यात वाटीभर तूरडाळ आणि अडीच वाट्या पाणी, वर भात, चार शिट्ट्या, मग बारीक गॅसवर पाच मिनिटं. उरलेला भात रात्रभर ओट्यावर ठेवू नका. त्यात वाढणाऱ्या जंतूंचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. तासाभरात फ्रिजमध्ये टाका. परीक्षेच्या दोन-तीन महिन्यांत सरळ डबा लावा आणि सकाळचे पोहे तेवढे घरी करा.

कुठे टक्कर होते

सुट्टीच्या सकाळी लांब पळणं आणि ब्रेड दोन्ही हवे असतील, तर पळायला निघताना पीठ फुगायला ठेवू नका. ट्रॅकवर ओळखीचं कुणी भेटलं की तीन तास कसे जातात कळत नाही. परत या, पीठ काढा, अंघोळ आणि नाश्ता होईस्तोवर ते भाजायला तयार होतं. आदल्या रात्री उसळ किंवा मिसळ नको, पोटात वायू धरतो. वरण-भात किंवा मूगडाळीची खिचडी घ्या. मिसळ पळून झाल्यावर खा, त्यात नाशिककराला सांगायचं ते काय? दीड तासाहून जास्त पळत असाल तर खिशात ४० ग्रॅम मनुका असू द्या, साधारण ३० ग्रॅम कर्बोदकं मिळतात.

वर्षाचं गणितही बघा. हिवाळ्यातल्या अर्धमॅरेथॉनची तयारी बारा-चौदा आठवडे आधी, म्हणजे पावसात सुरू होते. सीएकडे काम करणाऱ्यांचा सप्टेंबर ऑडिटमध्ये जातो. त्यांनी त्या वर्षी दहा किलोमीटरवर समाधान मानावं आणि तेही फेब्रुवारीत. कारखान्यात उत्पादन किंवा लेखा विभागात असाल तर मार्चअखेर कोणतंही नवं उद्दिष्ट ठेवू नका.

मग निवड अशी: ठरलेली शिफ्ट असेल तर पळणं आणि महिन्यातून दोनदा ब्रेड. क्लायंटच्या तालावर चालणारं काम असेल तर दर आठवड्याला ब्रेड, पळण्याऐवजी रोज अर्धा तास भरभर चालणं. घरून काम असेल तर दोन्ही जमतात, फक्त मीटिंग चालू असताना केक लावू नका. तिन्ही एकाच महिन्यात सुरू करू नका. एकाला दहा आठवडे द्या, मग दुसरं.

केक विकून चार पैसे मिळवायचा विचार पहिल्या वर्षी तरी लांबणीवर टाका. ऑर्डर शनिवारी संध्याकाळीच हवी असते आणि तेव्हाच ऑफिसचंही काम निघतं. तरीही करायचं ठरलं, तर नियुक्तीपत्रातलं दुसऱ्या कामाबद्दलचं कलम वाचा आणि एफएसएसएआयची (अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी आधी करून घ्या. ती घरगुती विक्रीलाही लागते.