कॅट्स्किल्सच्या बिनवाटेच्या डोंगरांत दातेरी फ्रेमचे २५ इंची स्नोशूज: हिवाळाभर वापरल्यानंतर

न्यू जर्सीत राहून ज्यांची सह्याद्रीची खाज जात नाही त्यांना न्यूयॉर्क राज्यातले कॅट्स्किल्सचे डोंगर बरे पडतात, एडिसनहून पहाटे निघालं की सकाळी पायथ्याला. तिथले ३५०० फुटांवरचे डोंगर पूर्ण करणाऱ्यांचा एक क्लब १९६२ पासून आहे, त्यांच्या यादीतल्या बऱ्याच माथ्यांना वाटच नाही, आणि स्लाइड, ब्लॅकहेड, बाल्सम, पँथर हे चार हिवाळ्यात पुन्हा एकदा चढावे लागतात. त्या चारांना मळलेली वाट आहे, तिथे कुठलेही स्नोशूज (बर्फात पाय रुतू नये म्हणून बुटाखाली बांधायच्या रुंद चौकटी) चालतील. खरी परीक्षा लोन आणि रॉकीसारख्या बिनवाटेच्या माथ्यांवर, आणि माझा हा रिव्ह्यू त्याच वापराचा आहे.

माझे २५ इंच लांबीचे, नळीऐवजी ॲल्युमिनियमच्या उभ्या पट्टीची फ्रेम, तिची खालची कडा सगळीकडून दातेरी. ब्रँड सांगत नाही, या प्रकाराबद्दलच बोलायचंय.

सगळ्यात जास्त पैसे वसूल झाले ते आडव्या उतारावर. वाट नसली की सरळ सोंड धरून चढता येतंच असं नाही, मध्येच कातळटप्पा येतो, मग त्याच्या पायथ्याने ट्रॅव्हर्स मारत फट शोधायची. नळीच्या फ्रेमवाले अशा वेळी कडक बर्फावर खाली सरकत राहतात, कारण त्यांचे दात फक्त पायाखाली, कडेला काहीच नाही. दातेरी पट्टी मात्र कडेने रुतून बसते. दुसरी गोष्ट म्हणजे टाचेखाली उभी करायची ती तार, हील लिफ्ट. दुकानात बघितली तेव्हा वाटलं उगाच नखरा, पण खड्या चढावर ती उभी केली की टाच वर टेकते आणि पोटऱ्या अक्षरशः वाचतात. फक्त जाड ग्लोव्हजनी ती उघडत नाही, काठीच्या मुठीने उचलायची.

माथ्याजवळ बाल्सम फर आणि रेड स्प्रूसची दाटी सुरू होते आणि तिथे वेगळाच खेळ. कारवीच्या रानात घुसल्यासारखं, फरक एवढाच की प्रत्येक फांदीवरून किलोभर बर्फ मानेत पडतो. हुड लागतोच आणि डोळ्यांना गॉगल, नाहीतर काटकी डोळ्यात. खालच्या फांद्यांमुळे बुंध्याभोवती पोकळी राहते, वरून सगळं सपाट दिसतं, पाय टाकला की कमरेपर्यंत आत. मग स्नोशू खाली फांदीत अडकतो आणि मागे तर खेचता येत नाही कारण शेपूट रुततं, हाताने बर्फ उकरून पाय सोडवावा लागतो. म्हणून झाडापासून जरा लांबून चालायचं, जिथे शक्य असेल तिथे. इथे ३० इंचीवाल्या मित्राचे हाल बघितले, त्याला वळायलाच जागा नव्हती. ताज्या भुसभुशीत बर्फात मात्र तो वर आणि मी गुडघ्यापर्यंत आत, हेही खरं. वजन जास्त असेल, पाठीवर सॅक जड असेल तर २५ कमी पडतात, पण झाडीत मी तरी लांब घेणार नाही. वाट पाडायचं काम आळीपाळीने केलं की भागतं.

आता तक्रारी. पट्ट्या. रबराच्या पट्ट्या थंडीत कडक होतात, भोकात पिन बसवताना बोटं बधिर, आणि पट्टीचं टोक अडकवायची छोटी क्लिप झाडीत हमखास निघते. माझी एक तुटलीच, कंपनीला मेल केला तर दोन आठवडे उत्तर नाही, शेवटी झिप टायने काम भागवलं. त्या दिवसापासून झिप टाय आणि एक जादाची पट्टी सॅकमध्ये कायम. मार्चमधल्या ओल्या बर्फात दातांखाली बर्फाचे गोळे चिकटतात, उंच टाचांवर चालल्यासारखं होतं, त्याला निघायच्या आधी सिलिकॉन स्प्रे मारला की थोडा वेळ तरी सुटका. आणि आवाज! कडक बर्फावर एवढा खडखडाट होतो की पुढच्याशी ओरडून बोलावं लागतं.

मळलेल्या, दाबून घट्ट झालेल्या वाटेवर हे जड वाटतात, तिथे मायक्रोस्पाइक्स (बुटावर चढवायच्या छोट्या दातांच्या साखळ्या). पण बर्फ मऊ असेल तर नुसत्या बुटांनी खड्डे पाडत जाऊ नका, ते रात्री गोठतात आणि मागून येणाऱ्याचा घोटा जातो. वर उत्तरेला, त्याच राज्यातल्या ॲडिरॉन्डॅक्स डोंगरांच्या हाय पीक्स भागात तर ८ इंच किंवा जास्त बर्फ असेल तर स्नोशूज किंवा स्की घालणं नियमानेच सक्तीचं आहे.

आधी भाड्याने घेऊन बघणार असाल तर जरूर बघा, फक्त दुकानदाराला पट्टीच्या फ्रेमचे आहेत का ते आधी विचारा. मला भाड्याने मिळाले होते ते सपाट वाटेवरचे होते, त्यावरून या प्रकाराबद्दल काहीच कळत नाही.